मुलींची बॅच

राग जुना झाला की लोक म्हणतात, सोड आता. तुझं काय वाईट झालं? साताऱ्यात नोकरी आहे, अकरावी-बारावीला गणित शिकवतेस, शेवटी तुझंच खरं झालं ना? मी मान हलवते. वाद घालायचा कंटाळा येतो. पण दहावीचा निकाल लागला आणि चौकाचौकांत अकॅडम्यांचे फ्लेक्स चढायला लागले की माझं डोकं तापतं. ते तापू नये असं मला वाटतही नाही.

आम्ही तेव्हा कुपवाडला राहायचो. वडील फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले होते आणि एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळायचे. गाव कवठे महांकाळ तालुक्यात. तिथली जमीन चुलते बघायचे. आई घरी ब्लाउज शिवायची. मी एकुलती एक. शाळेत मी फार हुशार होते असं नाही, इतिहासात सनावळ्या चुकायच्या, हिंदीत मात्रा चुकायच्या. पण गणित मला आवडायचं. आवडायचं म्हणजे मार्क पडायचे म्हणून नाही. नववीत बाईंनी फळ्यावर सिद्ध करून दाखवलं की दोनचं वर्गमूळ अपूर्णांकात कधीच लिहिता येणार नाही. आज नाही, उद्या नाही, कितीही मोठे आकडे घेतले तरी नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. जगात कुणी इतक्या खात्रीनं "कधीच नाही" म्हणू शकतं हेच मला नवीन होतं. संध्याकाळी वडील बूट काढत होते तेव्हा मी त्यांना हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "मग लिवू नगंस की. कोन जबरदस्ती करतंय?"

आई शिलाई मशीनवर हसून हसून वाकली. मीही हसले. घर तसं चांगलं होतं माझं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोक वडिलांना खलनायक करतात.

दहावीला गणितात पैकीच्या पैकी पडले. गुणपत्रिका हातात यायच्या आधीच सांगलीतल्या एका अकॅडमीचा फोन आला. त्यांना माझे मार्क, माझी शाळा, वडिलांचा नंबर, सगळं माहीत होतं. कुठून, ते कुणी विचारलं नाही. वडिलांना तर अभिमानच वाटला की एवढ्या मोठ्या ठिकाणाहून आपल्याला बोलावणं आलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मला नवा ड्रेस घालायला लावला, आणि आम्ही दोघं मोटरसायकलवरून सांगलीला गेलो.

एसी केबिन होती. मागच्या भिंतीवर पोरांचे फोटो, प्रत्येकाच्या खाली रँक. अकॅडमीचे सर टाय लावून बसले होते. त्यांच्याकडे दोन बॅचेस होत्या. एक जेईईची, म्हणजे इंजिनियरिंगवाल्यांची, तिथं गणित. दुसरी नीटची, डॉक्टर होऊ घातलेल्यांची, तिथं जीवशास्त्र. दोन्ही 'इंटिग्रेटेड', म्हणजे अकरावी-बारावीचं कॉलेज आणि क्लास एकातच. मला वाटलं, हा माणूस आता मला विचारेल. मी उत्तर पाठच करून गेले होते. मला गणित आणि भौतिकशास्त्र पाहिजे, इंजिनियर व्हायचं का ते माहीत नाही, पण गणित पाहिजे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते वडिलांशी बोलत राहिले.

"मुलीला आपण नीट बॅच देऊ. आमच्याकडे मुली शक्यतो तिकडेच असतात."

वडील म्हणाले, "तिला गणितात शंभर हायेत, सर."

"अहो तेच तर! गणित एवढं चांगलं म्हणजे फिजिक्सची काळजी मिटली. नीटला फिजिक्सच पोरींना नडतं." मग आवाज जरा खाली आणून, घरातलं माणूस असल्यासारखे, "आणि हे बघा, इंजिनियरिंग केलं तर पुण्याला पाठवणार, पुढं बेंगलोरला पाठवणार. मुलीची जात. डॉक्टर झाली तर सांगलीतच दवाखाना टाकेल. तुमच्या डोळ्यांसमोर."

मी म्हटलं, "सर, मला मॅथ्स पाहिजे."

ते हसले. रागावले असते तर मला चाललं असतं. ते प्रेमळ हसले. "बेटा, आवड वेगळी आणि करिअर वेगळं. आवड सुट्टीत जपायची."

"मग दोन्ही घेते. चारही विषय. कॉलेजात तसा ग्रुप असतो, आमच्या बाईंनी सांगितलंय."

"आमच्याकडे नसतो. दोन दगडांवर पाय ठेवला की माणूस पडतो." आणि ते पुन्हा वडिलांकडे वळले. "काय करायचं, हवालदारसाहेब?"

वडील खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते. खुर्चीवरच्या माणसानं सांगितलं की करायचं, हे त्यांच्या हाडात उतरलेलं. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "तुमी म्हनाल तसं, सर."

घरी आईनं विचारलं, "आवं, तिला काय पायजे त्ये इचारलं का कुनी?"

"तिला काय कळतंय? सोळा वर्साची पोर. लय मोटी मान्सं हायती ती."

"मग परीक्षा त्या मोट्या मान्सांनीच द्यावी की," आई म्हणाली आणि पुन्हा मशीन चालवायला लागली. पण त्या दिवशी तीही तिथंच थांबली.

माझं कॉलेज मी पाहिलंच नाही. खोटं वाटेल, पण कागदोपत्री माझं नाव दुसऱ्याच तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात होतं. तिथं मी म्हणे रोज हजर होते. तिथल्या प्रयोगशाळेत मी म्हणे प्रयोग करत होते. प्रत्यक्षात आम्ही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सांगलीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडक्यांना काळी फिल्म लावलेल्या खोलीत बसायचो. समोरच्या खोलीत जेईईवाले. त्या खोलीत मुलगेच मुलगे, आमच्या खोलीत बहुतेक मुली. शिक्षकसुद्धा कुठं तास आहे हे सांगताना म्हणायचे, "आता मुलींच्या बॅचवर आहे." मधल्या बोळात उभं राहिलं की समोरून कॅल्क्युलस ऐकू यायचं. लिमिट म्हणजे काय ते मी त्या बोळात, पाण्याच्या फिल्टरपाशी, बाटली भरायचं निमित्त करून ऐकलं. एकदा बाटली भरून सांडायला लागली तरी मला कळलं नाही.

माझ्या शेजारी बसायची ती मुलगी सांगलीजवळच्या गावातली, जैन शेतकऱ्याच्या घरची. तिला जीवशास्त्र मनापासून आवडायचं. पेशीची आकृती ती अशी काढायची की पुस्तकातली फिकी वाटावी. मी दिवसभर कुरकुर करायचे, पाठांतर नुसतं, डोकं लावायला जागाच नाही. एके दिवशी तिनं पेन खाली ठेवलं.

"तुला नाही आवडत ना, मग नको आवडू दे. पण माझ्या विषयाला शिव्या देऊ नको. मला इथं यायला घरी भांडावं लागलंय. आमच्यात पोरीला कॉमर्स, मग लग्न."

मला राग आला, आणि मग नाही आला. तिचं बरोबर होतं. विषयाचा दोष नव्हताच. तिला पाहिजे होतं ते मिळायला भांडावं लागलं आणि मला नको होतं ते आयतं वाढून दिलं. दोघींनाही कुणी विचारलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास मिरज रस्त्याच्या चौकात एक मोठा फ्लेक्स लागला. त्यावर मी होते. दहावीच्या फॉर्मला काढलेला फोटो, दोन वेण्या, कपाळावर टिकली, आणि मानेखाली कुणाचं तरी दुसरंच अंग चिकटवलेलं, पांढरा डॉक्टरी कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. खाली लिहिलं होतं, गणितात १०० पैकी १००, आमची भावी डॉक्टर. ज्या गणिताचं पुस्तक दप्तरात सापडलं तर जप्त करायचे, त्याच गणिताचे मार्क दाखवून पुढच्या वर्षीची गिऱ्हाइकं गोळा करत होते. मला कुणी विचारलं होतं? वडिलांना विचारलं होतं? नाही. फाउंड्रीतले लोक दोनचाकीवरून जाता-येता तो फ्लेक्स बघायचे. त्यांनी वडिलांकडे पेढे मागितले, वडिलांनी वाटले. एका रविवारी त्यांनी मला त्या फ्लेक्सखाली उभं करून मोबाईलवर फोटो काढला. "हस की गं जरा," म्हणाले. त्या फोटोत माझ्या चेहऱ्यावर जे आहे त्याला हसणं म्हणत नाहीत.

तिथं दर पंधरवड्याला परीक्षा व्हायची आणि मार्कांवरून पोरांच्या खोल्या बदलायच्या. वरचे पुढच्या खोलीत, खालचे मागच्या. मी घसरत गेले. शेवटच्या खोलीत पंखा होता पण रेग्युलेटर नव्हता, आणि शिकवायला यायचे ते शिक्षकही मोबाईलमध्ये बघत शिकवायचे. तिथं निदान कुणाचं लक्ष नव्हतं. मी जुनी गणिताची पुस्तकं मिळवली, समोरच्या खोलीतल्या एका मुलाकडून त्यांच्या नोट्सच्या झेरॉक्स घेतल्या आणि जीवशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर उदाहरणं सोडवायला लागले. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखी भूक लागायला लागली. आईच्या लक्षात आलं ते. "आज भाकरी मागून घेतलीस," म्हणाली.

मग पकडली गेले. सरांनी वडिलांना बोलावून घेतलं. तीच केबिन. टेबलावर माझे कागद पडलेले, दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेले.

"बघा तुमच्या मुलीचे उद्योग," सर म्हणाले. "आम्ही हिला पहिल्या खोलीत बसवली, फ्लेक्सवर लावली. हिला शेवटच्या खोलीत लाज वाटत नाही. मोबाईल तपासा घरी. मुलाकडून नोट्स घेते म्हणे. या वयात काय चाललेलं असतं ते सांगायला नको."

मला वाटलं, माझ्या कानात कुणीतरी तापलेलं तेल ओतलं. मी म्हटलं, "सर, ते डेरिव्हेटिव्हचे प्रश्न आहेत. बघा तरी काय लिहिलंय."

त्यांनी बघितलं नाही. कागद गोळा केले, मुठीत चुरगाळले आणि टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. "आता पुन्हा हे दिसायला नको. काय, हवालदारसाहेब?"

मला वाटलं आता मला मार बसणार. वडिलांनी आजवर कधी हात उगारला नव्हता, पण त्यांचा जबडा आवळलेला मला दिसत होता. ते उठले, टेबलाला वळसा घालून सरांच्या बाजूला गेले आणि खाली वाकले. डब्यात चहाचे कागदी कप होते. त्यांनी एकेक कागद बाहेर काढला, मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केला, शर्टाला पुसला. त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. सगळे गोळा झाल्यावर घडी करून खिशात ठेवले.

"पोरगीनं लिवलेलं हाय," ते म्हणाले. "कचरा न्हाई ह्यो. तिची कागदपत्रं द्या. आमी चाललो."

सरांना आधी कळलंच नाही. मग ते हसले, तसंच प्रेमळ. "असं मधेच जाता येत नाही. ओरिजिनल्स कोर्स संपल्यावर मिळतात."

शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची गुणपत्रिका त्यांच्याकडे होती. दोन वर्षांची फी भरलेली होती, ती सोडायला आम्ही तयार होतो. तरी कागद देईनात. वडील पुढचे कित्येक दिवस कामावरून सुटल्यावर तिथं जात राहिले. कधी सर मीटिंगमध्ये, कधी क्लार्क रजेवर, कधी कपाटाची किल्ली दुसऱ्या शाखेत. सीमेवर उभा राहिलेला माणूस त्या रिसेप्शनच्या सोफ्यावर टोपी हातात घेऊन बसायचा आणि परत यायचा. आजही मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो विचाराल तर त्या सोफ्याचा. माझं नुकसान मी भरून काढलं. त्या सोफ्यावर त्यांचं जे गेलं ते कुणी भरून देणार नाही.

शेवटी आई गेली. मला बरोबर घेऊन. पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी त्यांनी पालकांचा मेळावा ठेवला होता, त्या दिवशी तिनं बरोबर मुहूर्त साधला. पालक येत होते, रिसेप्शनवरची मुलगी सरबत देत होती. आई दाराजवळच्या खुर्चीवर बसली. पहिलं जोडपं आत आलं, त्यांच्याबरोबर चष्मा लावलेली मुलगी.

"ताई, पोरगीला हितं घालाय आलायसा?" आईनं अगदी शेजारणीला विचारावं तसं विचारलं. "घाला की. खरं कागद झेरॉक्स द्या हां. आमची अडकल्यात. त्यो चौकातला फोटू बघितला का? ती ही. डाक्टर न्हाई ती. गनिताची हाय. जबरदस्तीनं कोट घातलाय तिला."

बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग फ्लेक्सच्या छोट्या प्रतीकडे, जी रिसेप्शनच्या मागेच लावली होती. नवऱ्याला कोपरानं ढोसलं. पुढचं जोडपं आलं. आईनं पुन्हा तेच सांगितलं, न चिडता, आवाज न चढवता. रिसेप्शनवरची मुलगी "मावशी, प्लीज" म्हणत आली, तर आई म्हणाली, "तुजं काय न्हाई बाळा, तू सरबत दे." मध्ये एका आजोबांनी खुर्ची ओढून आईशेजारी बसत सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून विचारून घेतली, आणि मग तेच येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायला लागले. मेळावा आत सुरू व्हायच्या आधी क्लार्क पाकीट घेऊन आला. दोन्ही कागद त्यात होते. किल्ली सापडली होती म्हणे.

जिना उतरून खाली आल्यावर आईनं उसाचा रस मागवला आणि एका दमात प्यायली. "आयुष्यात एवडं खोटं गोड कवाच बोलले न्हवते," म्हणाली.

इथं गोष्ट संपली असती तर मला राग कशाला आला असता! वर्षाच्या मध्ये कुठलंही कॉलेज गणित देईना. माझी हजेरी होती त्या न पाहिलेल्या कॉलेजात, आणि तिथं गणित हा विषयच घेतलेला नव्हता. वर्ष गेलं. जूनमध्ये मी सांगलीच्या एका साध्या, अनुदानित कॉलेजात पुन्हा अकरावीला बसले. पोरं मला 'ताई' म्हणायची. नातेवाईक म्हणायचे, नापास झाली, झेपलं नाही तिला. लग्नाकार्यात एखादी मावशी हळूच आईला विचारायची, "काय भानगड झाली व्हती का गं?" मुलाच्या नोट्स, मोबाईल, हे सगळं कुठून तरी तिथंपर्यंत पोचलेलं. आईनं त्या मावशीशी बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे.

कॉलेज साधं होतं. बाकांवर नावं कोरलेली, गणिताचे सर रिटायरमेंटला आलेले, खडू वाचवून वापरायचे. पण प्रयोगशाळेला कुलूप नव्हतं आणि सरांना प्रश्न विचारला की ते थांबायचे. पुढं बीएस्सी, एमएस्सी, बीएड केलं आणि साताऱ्याला लागले. बारावीच्या निकालाच्या सुमारास वडील माझ्याकडे आले की अजून विचारतात, "ह्याचा उपेग काय हुतो गं नेमका?" मी सांगते. त्यांना पटत नाही. डब्यातून काढलेल्या त्या कागदांबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. अकॅडमीत माझ्या शेजारी बसायची ती मैत्रीण एमबीबीएसला थोडक्यात हुकली. आयुर्वेदाला गेली, आज तिच्याच गावात दवाखाना आहे, पोरीबाळी घेऊन बायका लांबून येतात. तिचा फोटो अकॅडमीनं कधीच कुठं लावला नाही.

जूनमध्ये आमच्या कॉलेजात विषयनिवडीच्या टेबलावर मला बसवतात. सगळे टाळतात ते काम, मी मागून घेते. यंदा एक मुलगी वडिलांबरोबर आली. वडील साखर कारखान्यात कामाला, घाईत होते. "बी ग्रुप लिहा, मॅडम. बायोलॉजी."

मी मुलीला म्हटलं, "तुला काय पाहिजे?"

"बायोलॉजी."

मार्क पाहिले तर गणितात उत्तम. माझं डोकं तिथंच फिरलं. मी तिच्या वडिलांना बाहेर थांबायला सांगितलं. ते गेल्यावर खुर्ची पुढं ओढून म्हटलं, "आता ते नाहीत. खरं सांग. घाबरू नको. चारही विषय घेता येतात आमच्याकडे. कुणी जबरदस्ती केलीय का? कुठली अकॅडमी?"

तिनं दप्तर मांडीवर घेतलं. माझ्याकडे जरा चिडूनच पाहिलं.

"मॅडम, मला बेडूक, झाडं, ते सगळं आवडतं. लहानपणापासून. पप्पांनाच इंजिनियरिंग पाहिजे होतं, मी त्यांना आठवडाभर समजावून आणलंय. आता तुम्ही सुरू नका ना करू."

मी बी ग्रुप लिहिलं. तिच्या वडिलांना आत बोलावलं. पुढच्या मुलीच्या वडिलांनी खुर्ची ओढली आणि मुलीनं तोंड उघडायच्या आत सांगायला सुरुवात केली.